बहुभाषिक संगीत नाटक : आधी शब्द, मग चाल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगीत नाटकाला नवा प्रेक्षक कसा मिळेल, याची चर्चा आपल्या पुरवणीत अधूनमधून होते. उपाय मात्र ठरलेलेच सुचवले जातात. कुणी जुन्या नाटकाची दोन तासांची आवृत्ती करायला सांगतो, कुणी भव्य नेपथ्य मागतो, कुणी नामवंत गायक. नवे नाटक लिहून घ्यावे, त्यात एकापेक्षा जास्त भाषा असाव्यात आणि ते पंधरा माणसांत उभे राहावे, ही सूचना क्वचितच वाचायला मिळते. युरोप-अमेरिकेतल्या लहान ऑपेरा संस्था वर्षानुवर्षे नेमके हेच करत आल्या आहेत. त्यांची पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही. ती कुठे चालते आणि कुठे अडते, एवढेच या पत्रात मांडायचे आहे. पत्र लांबले आहे, पण या विषयात तपशील गाळून काही सांगता येत नाही.

ऑपेरा म्हटले की आपल्याकडे झुंबरे आणि शंभर वादक डोळ्यांसमोर येतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये इंग्लिश ऑपेरा ग्रुप काढला तो थोडक्या माणसांत, गावोगाव नेता येतील असे प्रयोग करण्यासाठी. व्हेनिसमध्ये १९५४ साली पहिल्यांदा झालेल्या त्यांच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ या ऑपेराला वादक लागतात फक्त १३. अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास यांचा ‘आखनातन’ हा ऑपेरा १९८४ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला झाला. तिथले मोठे नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद होते आणि छोट्या नाट्यगृहात सगळे वादक मावत नव्हते. ग्लास यांनी व्हायोलिन काढूनच टाकली, आणि त्या रचनेचा गडद, खालच्या पट्टीतला नाद त्यातूनच आला. जागेची आणि माणसांची मर्यादा रचनेच्या आधी कळली तर रचनाकार तिच्यातून काही घडवू शकतो. रचना पुरी झाल्यावर पैसे कमी पडले म्हणून वादक कापले, तर नुसती भोके उरतात.

याच ‘आखनातन’मध्ये प्राचीन इजिप्शियन, अक्कडियन आणि हिब्रू भाषा आहेत. सूर्याचे स्तवन तेवढे ज्या गावी प्रयोग असेल तिथल्या प्रेक्षकांच्या भाषेत गायचे, असे रचनाकारानेच ठरवून दिले आहे. गायल्या जाणाऱ्या भागात एकच खिडकी उघडी, आणि ती नेमकी कुठे उघडायची ते आधीच पक्के. बहुभाषिक नाटक लिहिणाऱ्याने एवढा एक निर्णय जरी नीट अभ्यासला तरी पुष्कळ शिकता येईल.

हा प्रकार परका वाटायचे कारण नाही. तंजावरचे शाहजी राजे भोसले (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांचे ‘पंचभाषाविलास’ हे नाटक तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा पाच भाषांत आहे. सोलापूरच्या रामजोशींनी मराठीत इतर भाषा मिसळून लावण्या रचल्या. गोमंतकीयांचे तियात्र, म्हणजे गाण्यांचे कोंकणी नाटक, तर थेट ऑपेराच्याच संगतीतून निघाले. मुंबईत आलेल्या इटालियन ऑपेरा मंडळींबरोबर काम केलेल्या लुकाझिन रिबेरो यांनी १८९२ मध्ये ‘इटालियन भुरगो’ हे पहिले कोंकणी तियात्र मुंबईतच केले. आपल्याकडे परंपरा आहे. अडचण आहे ती कामाच्या क्रमाची.

मराठी संगीत नाटकात चाल आधी आणि शब्द मागून, ही वाट किर्लोस्करांच्या काळापासून रुळली. १८८० च्या ‘शाकुंतला’पासून पुढे कितीतरी नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून आधीच्या एखाद्या गाण्याचे तोंड दिलेले दिसते. कर्नाटकी चाली, साक्या, दिंड्या, पुढे पारशी रंगभूमीच्या चाली, त्यानंतर गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांच्यामुळे ख्याल-ठुमरीच्या बंदिशी. प्रेक्षकाच्या ओळखीची चाल असे आणि शब्द तिच्यावर बेतले जात. एकाच भाषेचे नाटक होते आणि पदे लिहिणाऱ्यांचे कान तयार होते, तोपर्यंत हे उत्तम जमले. दोन भाषा आल्या की ही वाट बंद होते, कारण मराठी ओळीच्या मापाने शिवलेली चाल कोंकणीला किंवा तमिळला अंगाबरोबर बसत नाही. ताणून बसवली तर त्या भाषेचा माणूस पहिल्या ओळीला अस्वस्थ होतो.

एक जवळचे उदाहरण घेऊ. ओळ अशी समजा : ‘दार उघड’. बोलताना आपण ‘दार’मधला शेवटचा ‘र’ पुढच्या ‘उ’ला जोडतो. गाताना सूर अखंड ठेवला आणि ‘उ’वर लांब सूर दिला की श्रोत्याला ‘दारू घड’ ऐकू येते. गंभीर प्रवेशात हसू फुटते आणि गायिका गोंधळते. उपाय साधा आहे. ‘दार’नंतर पाव मात्रेची उसंत द्यायची आणि लांब सूर ‘घ’वर टाकायचा. पण चाल आधीच ठरली असेल आणि तिची सगळी शोभा नेमकी त्या ‘उ’च्या जागी असेल, तर ही दुरुस्ती करता येत नाही. आता याच ओळीला कोंकणीतून उत्तर आहे, ‘हांव आयलां’. पहिले आणि शेवटचे अक्षर नाकातले. अनुनासिक सूर पहिल्यापासून नाकातच धरला तर आवाज पातळ होतो आणि मागच्या रांगांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून ‘ला’ मोकळ्या तोंडाने धरायचा आणि अनुस्वार सुराच्या अगदी टोकाला आणायचा. या दोन ओळी एकाच सुरावटीवर बसवता येणार नाहीत हे गायला घेतल्यावर लगेच कळते. कागदावर मात्र दोन्ही पाच-पाच अक्षरांच्याच दिसतात.

म्हणून शब्द आधी. लेखकाने ओळी दिल्या की ती भाषा घरात बोलणाऱ्या माणसाकडून त्या तीनदा वाचून ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात : एकदा सहज बोलल्यासारख्या, एकदा सावकाश, एकदा रागात. संगीतकाराने संहितेकडे बघून नव्हे, या ध्वनिमुद्रणावरून काम करावे. आघात कुठे आहे, आवाज कुठे चढतो, कुठला स्वर बोलताना गिळला जातो, हे त्याला तिथे मिळते. ‘मन’ या शब्दात शेवटचा ‘अ’ बोलताना नाही. पदात तो उच्चारायचा की नाही, हे प्रत्येक ठिकाणी ठरवून स्वरलिपीत लिहावे. ‘चूल’, ‘जावई’, ‘झोप’ यांतले च, ज, झ ‘चंद्र’ आणि ‘जीवन’मधल्यांपेक्षा वेगळे आहेत. मराठी न बोलणारा गायक देवनागरी वाचून ते हिंदीच्या वळणाने म्हणणार, तेव्हा त्याच्या प्रतीत त्या अक्षरांखाली टिंब द्यावे. तमिळमधले ऱ्हस्व ए आणि ओ आपल्या नेहमीच्या लेखनात दाखवताच येत नाहीत, त्यासाठीही खूण ठरवावी. प्रत्येक भाषेसाठी उच्चार तपासणारा एक माणूस नेमावा आणि त्याला पहिल्या तालमीपासून बसवावे. रंगीत तालमीला आणून उपयोग होत नाही, तोवर चुकीचा उच्चार गळ्यात बसलेला असतो.

संहिता किती लांब असावी, याचाही अंदाज नेहमी चुकतो. बोलायला एक मिनिट लागणारा मजकूर गायला अडीच-तीन मिनिटे घेतो. ऐंशी मिनिटांच्या संपूर्ण गायल्या जाणाऱ्या नाटकाला बोलीच्या हिशेबाने तीस मिनिटांपेक्षा कमी मजकूर पुरतो. गद्य नाटक लिहिण्याची सवय असलेले लेखक याच्या दुप्पट लिहितात, संगीतकार सगळे बसवण्यासाठी पठणाच्या वेगाने शब्द हाकतो आणि मग गाण्याला जागाच राहत नाही. कापाकापी संगीत होण्याआधी करावी. एक ओळ संगीतानंतर कापली की सुरावट, ठेका आणि पुढचा प्रवेश, तिन्ही हलतात.

भाषा कुणाला द्यायची, याचा तक्ता संगीताच्या आधी पक्का हवा. भाषा पात्राला बांधावी, प्रवेशाला नको. पात्राने भाषा बदलली तर ती गोष्टीतली घटना असली पाहिजे. प्रेक्षकाला सोपे जावे म्हणून बदलू नये. एकाने तमिळमध्ये विचारलेले दुसऱ्याने मराठीत पुन्हा म्हणून दाखवणे हा सगळ्यात वाईट मार्ग, त्याने प्रवेश तिथेच थांबतो. उत्तर असे लिहावे की त्यातून प्रश्न कळेल. ‘तू कुठे होतीस इतका वेळ?’ हे तमिळमध्ये आले आणि तिने मराठीत ‘नदीवर. पाणी चढलंय.’ म्हटले, तर प्रश्न वेगळा सांगावा लागत नाही. दोन भाषा एकाच वेळी गायल्या जाणार असतील तर दोन्ही मजकूर त्याआधी एकेकटे पूर्ण ऐकवलेले असावेत. पहिल्यांदाच एकत्र आले तर कुठलीच भाषा कळत नाही आणि प्रेक्षक ऐकायचे सोडून देतो. गोष्टीचा कणा असलेला शब्द तार सप्तकात ठेवू नये. फार वरच्या सुरात, विशेषतः पाश्चात्त्य तालमीच्या सोप्रानो आवाजात, ‘इ’, ‘उ’ आणि ‘आ’ जवळजवळ सारखेच ऐकू येतात. ही गायिकेची चूक नव्हे. स्वरवर्ण ज्या कंपनांवरून ओळखला जातो त्यांच्याही वर सुराची मूळ कंपनसंख्या गेलेली असते. पाच भाषांतली कुठलीही असो, नाव, नाते आणि नकार मध्य सप्तकातच सांगावे.

यानंतर कार्यशाळा. आपल्याकडे हा टप्पा जवळजवळ नसतोच, आणि आमच्या मते नवी संगीत नाटके फसण्याचे ते सर्वांत मोठे कारण आहे. टोरांटोची टॅपेस्ट्री ऑपेरा ही संस्था लेखक आणि संगीतकारांच्या जोड्या लावून त्यांच्याकडून आधी छोटे छोटे प्रवेश करून घेते आणि गायकांकडून ते लगेच गाऊन घेते. जोडी जमते की नाही, हे पाच मिनिटांच्या प्रवेशावरून कळते. दोन तासांचे नाटक लिहून झाल्यावर कळून काय उपयोग? आपल्याकडे हे पाच दिवसांत आणि थोडक्या खर्चात होऊ शकते. चार गायक, एक हार्मोनियम किंवा पियानो वाजवणारा, एक तबलजी आणि पंधरा मिनिटांचे संगीत एवढेच लागते. पहिले दोन दिवस नुसते शब्द आणि सूर. तिसऱ्या दिवशी लेखक-संगीतकारांनी रात्रीत दुरुस्त्या करून आणलेले पुन्हा गाऊन बघायचे. चौथ्या दिवशी उभे राहून, हालचालीसह. पाचव्या दिवशी वीस-पंचवीस जणांसमोर, नेपथ्य-वेशभूषेशिवाय. त्या वेळी प्रेक्षकांना ‘आवडले का’ असे विचारू नये. ‘कोण कुणाचे काय लागते’ आणि ‘शेवटी काय घडले’ एवढेच कागदावर लिहून घ्यावे. निम्म्या लोकांनी नाते चुकीचे लिहिले तर दोष संहितेत आहे, आणि तो दिव्यांनी झाकला जात नाही. कार्यशाळा आणि पुढच्या तालमी यांच्यात दोन-तीन महिने मोकळे ठेवावेत. पुनर्लेखन त्याच काळात होते.

आता पट्टी. या प्रश्नावर पाश्चात्त्य पुस्तकांत उत्तर सापडत नाही, कारण त्यांच्याकडे तो नाही. आपला गायक आपल्या षड्जात, म्हणजे स्वतःच्या ‘सा’त गातो. पुरुषाची पट्टी काळी एक (हार्मोनियमवरची पहिली काळी) असेल आणि स्त्रीची काळी चार, तर द्वंद्वगीत कुणाच्या षड्जात? नेहमीची तडजोड म्हणजे मधली एखादी पट्टी घ्यायची. त्यात तो वर ओढला जातो, ती खर्जात दडपते आणि दोघांचेही आवाज पडतात. याहून बरा मार्ग आहे. काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार. तंबोरा काळी एकला, पंचमात लावलेला ठेवावा. त्याला तो षड्ज-पंचमाचा ऐकू येईल. ती काळी चारला षड्ज मानून गाईल, तेव्हा तिला त्याच तंबोऱ्यात षड्ज आणि शुद्ध मध्यम मिळेल. म्हणजे तिच्यासाठी मध्यम प्रबळ असलेले राग निवडायचे. तिने मालकंस घेतला, तर तेच पाच स्वर त्याच्या षड्जावरून धानी होतात. दोघे आपापल्या पट्टीत, आपापल्या रागात गातात आणि स्वर मात्र तेच राहतात. दोन भाषा बोलणाऱ्या दोन माणसांच्या प्रवेशाला याहून चांगला संगीताचा आधार शोधून सापडणार नाही. तिला यमन किंवा मारवा मात्र देऊ नये. तीव्र मध्यम तंबोऱ्यातल्या शुद्ध मध्यमाला टोचत राहील आणि ती बेसूर गाते आहे असे लोकांना वाटेल.

पट्ट्यांचा तक्ता कार्यशाळेनंतर लगेच करावा, कारण तबल्यांची संख्या त्यावर ठरते. काळी एकचा आणि काळी चारचा तबला वेगळा लागतो. एकच तबला प्रयोगात एवढा चढवता-उतरवता येत नाही. पावसाळी हवेत पुडी (तबल्याचे कातडे) सैल पडते, वातानुकूलनाचा झोत थेट अंगावर आला तर दुसऱ्याच अंकात सूर हलतो. वादकांची बैठक ठरवताना छतातल्या झरोक्यांकडे आधी पाहावे. पायपेटीचा ऑर्गन वापरायचा असेल तर त्याचा सूर कंपनमापकावर तपासून घ्यावा. जुने ऑर्गन बरेचदा हल्लीच्या ४४० कंपनांच्या मापात नसतात, आणि क्लॅरिनेट थोडासाच खालीवर होऊ शकतो. पात्या खरवडून ऑर्गन जुळवता येतो. टोकाशी खरवडले की सूर चढतो, बुडाशी खरवडले की उतरतो. पण हे काम जाणकार कारागिराचेच आहे. तंबोऱ्यातून उमटणारा शुद्ध गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली असतो, म्हणून गायिका गंधारावर थांबलेली असताना खाली कीबोर्डचा तोच सूर धरून ठेवू नये. षड्ज-पंचम द्यावा किंवा गप्प बसावे.

आमच्या मते पाच वादक पुरे : क्लॅरिनेट, चेलो, हार्मोनियम, तबला-पखवाज आणि एक जण छोटी तालवाद्ये व कीबोर्ड मिळून. व्हायोलिन गायिकेच्याच पट्टीत वावरते आणि शब्दांवर पसरते. चेलो खाली राहतो. स्वरलिपी दोन प्रकारच्या लागतील, पाश्चात्त्य वादकांना त्यांची आणि आपल्या गायकांना भातखंडे पद्धतीची. पण दोन्हींत आवर्तनांचे आकडे एकच असले पाहिजेत, नाहीतर ‘सत्तेचाळीसपासून घ्या’ म्हटल्यावर निम्मी मंडळी भलतीकडून सुरुवात करतात. झपताल लिहिताना दोन-तीन-दोन-तीन असे भाग दाखवावेत. रूपक तालात समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, खाली (बिनजोराची जागा) असते. पाश्चात्त्य वादक पहिल्या मात्रेवर हमखास जोर देतो, त्याच्या प्रतीत तिथे ‘जोर नको’ असे लिहूनच द्यावे लागते. संगीत निर्देशक गायकांना दिसत नसेल तर विंगेत त्याला दाखवणारा टीव्हीचा पडदा लावतात. त्याला साधा, तारेचा कॅमेरा वापरावा. चित्र प्रक्रिया करून पाठवणाऱ्या यंत्रणेत हात उशिरा खाली येताना दिसतो आणि सगळा प्रवेश मागे ओढला जातो.

पडद्यावरच्या भाषांतराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुभाषिक नाटक उभे राहते किंवा पडते ते इथे. टोरांटोच्या कॅनेडियन ऑपेरा कंपनीने १९८३ मध्ये ‘इलेक्ट्रा’ या ऑपेराच्या वेळी रंगमंचाच्या वर भाषांतर दाखवले, तेव्हापासून ही पद्धत जगभर गेली. एका वेळी दोनच ओळी, इंग्रजीत ओळीला ३५ ते ४० अक्षरे, देवनागरीत ३० च्या आत. पाटी, म्हणजे एका वेळी दिसणारा हा मजकूर, निदान चार सेकंद राहावी. ऐंशी मिनिटांच्या नाटकाला साधारण चारशे पाट्या होतात. आलाप-तानांच्या वेळी पाटी कोरी ठेवावी. ओळ पुन्हा आली तर पुन्हा दाखवू नये. गुपित फोडणारा शब्द गायकाच्या तोंडून निघायच्या आधी पडद्यावर आला की प्रवेश मेला, तेव्हा अशा ओळी तोडून दोन पाट्यांवर घालाव्यात. पाट्या बदलणारा माणूस स्वरलिपी वाचणारा हवा. आपल्याकडचा गायक एखाद्या रात्री दोन आवर्तने जास्त घेतो. घड्याळावर लावलेल्या पाट्या तिथेच चुकतात. मराठी गायले जात असताना मराठी पाटी दाखवावी का, यावर मतभेद आहेत. आम्ही म्हणतो, दाखवू नये. फक्त इंग्रजी किंवा हिंदी दाखवावी. कळणाऱ्या भाषेची पाटी दिसली की डोळे तिकडे जातात आणि चेहरा सुटतो. पाच भाषांची पाच भाषांतरे एकदम लावणे तर टाळाच. आणि काही ओळी मुद्दाम न सांगता सोडाव्यात. जे पात्र ती भाषा समजत नाही, त्याच्याबरोबर प्रेक्षकालाही थोडा वेळ अंधारात राहू द्यावे.

तांत्रिक बाजूने सगळ्यात जास्त बिघडते ते प्रोजेक्टरचे काळे. कोरी पाटी खरोखर काळी नसते, राखाडी उजेड पडत राहतो आणि अंधाराच्या प्रवेशात तो चौकोन दिसतो. भिंगापुढे हाताने सरकवायची पुठ्ठ्याची झडप लावली की काम भागते. अक्षरे पांढरीशुभ्र नकोत, किंचित करडी ठेवावीत. पडदा कमानीच्या फार वर टांगला तर पुढच्या रांगांची मान दुखते. नेपथ्याच्याच एखाद्या भिंतीवर, पात्रांच्या डोक्यापासून हातभर वर, जागा ठेवता आली तर उत्तम. म्हणजेच पाट्यांचा विचार नेपथ्यकाराच्या पहिल्या आराखड्यात आला पाहिजे.

शंभर-दीडशे प्रेक्षकांच्या छोट्या सभागृहात मायक्रोफोन लावू नयेत. आठशे-हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात ते टळत नाहीत. तिथे कपाळावरच्या केसांच्या रेषेत बसणारे छोटे मायक्रोफोन वापरावेत. फेटा किंवा टोप असेल तर घासण्याचा आवाज येतो, म्हणून वेशभूषेसह ध्वनीची तालीम वेगळी ठेवावी.

पैशांबाबत एकच आग्रह. आपल्याकडे कलाकाराचा हिशेब ‘नाइट’वर, म्हणजे प्रयोगागणिक होतो, तालीम फुकटात धरली जाते. ठरलेल्या नाटकात ते खपून जाते. नव्या रचनेत दोन प्रकारची स्वरलिपी, अनोळखी भाषा आणि रोज बदलणारे कागद असतात. त्यासाठी वादक सलग पंधरा दिवस हवेत, आणि त्यांनी ती मधली लग्नाची सुपारी सोडावी अशी अपेक्षा असेल तर तालमीचे मानधन द्यावेच लागेल. नेपथ्य एका टेम्पोत मावेल एवढेच ठेवावे आणि उरलेले पैसे तालमींवर, उच्चार शिक्षकांवर आणि स्वरलिपीच्या प्रती काढणाऱ्यावर खर्च करावेत. नाट्यगृह पहिल्या प्रयोगाआधी निदान तीन दिवस हवे. एक दिवस दिवे आणि पाट्यांना, एक गायक-वादकांच्या बसून होणाऱ्या संपूर्ण तालमीला, एक रंगीत तालमीला. सकाळी आत जाऊन संध्याकाळी पडदा उघडायचा ही आपली सवय इथे महागात पडते.

करार लेखी असावेत, शब्दांचा वेगळा आणि संगीताचा वेगळा. जुनी चाल वापरायची असेल तर भारतीय कायद्याप्रमाणे रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो, हे पाहावे. टेंबे १९५५ मध्ये गेले, त्यांच्या स्वतःच्या चाली आता मोकळ्या आहेत. पण त्या चालींच्या अलीकडच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क ही वेगळी गोष्ट आहे. परिनिरीक्षणासाठी (प्रयोगाला परवानगी देणाऱ्या सरकारी मंडळाच्या तपासणीसाठी) संहिता देताना सर्व भाषांतला मजकूर मराठी अर्थासह एकत्र बांधून द्यावा, म्हणजे खुलाशांचे हेलपाटे वाचतात.

राहता राहिला स्पर्धांचा प्रश्न. राज्य नाट्य स्पर्धेत मराठी, हिंदी, संस्कृत, संगीत, बालनाट्य असे वेगवेगळे विभाग आहेत. मराठी, कोंकणी आणि कन्नड एकत्र असलेले संगीत नाटक यांतल्या कुठल्या विभागात ठेवायचे? सिंधुदुर्ग, बेळगाव, सोलापूर इथल्या संस्थांना असे नाटक सुचणे अगदी स्वाभाविक आहे, त्यांच्या घरा-बाजारात त्या भाषा रोज चालतात. संगीत विभागात संहितेच्या काही भागाला दुसरी भाषा चालेल, एवढी स्पष्ट तरतूद झाली तरी दारे उघडतील. परीक्षकांत त्या भाषेचा एक जाणकार घ्यावा लागेल, आणि अर्जासोबत पट्ट्यांचा तक्ता नव्हे पण भाषांचा तक्ता मागवावा लागेल.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणे आहे. नव्या संगीत नाटकाची पहिली दखल आज शुभारंभाच्या प्रयोगानंतर घेतली जाते, तेव्हा बदलण्यासारखे फारसे उरलेले नसते. आपल्या नाट्यसमीक्षकांनी कार्यशाळेच्या पाचव्या दिवशीही यावे. परीक्षण लिहू नये. कुठली भाषा कुठे कळली नाही तेवढे मंडळींना सांगावे आणि अंकात चार ओळींची बातमी द्यावी, म्हणजे पुढच्या कार्यशाळेला त्या भाषेचा माणूस आपणहून येऊन बसेल.

आपले,
संगीत रंगभूमीवर काम करणारे काही गायक, वादक आणि संयोजक
पुणे